अर्धविरामाचं बटण

पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंगची कोणती भाषा शिकवायची, हे घोंगडं चार वर्षं भिजत पडलं होतं. समितीत पाच जण. त्यांतल्या चौघांनी गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या हाताने एक प्रोग्राम लिहिला नव्हता, त्यामुळे त्यांची मतं अगदी ठाम होती.

पाचव्या म्हणजे मॅडम. प्रत्यक्ष वर्गात शिकवायच्या त्याच, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटी विचारायची पद्धत होती. जुन्या भाषेत पडद्यावर नुसतं स्वतःचं नाव उमटवायचं तरी पाच ओळी लागत, आणि मुलांनी त्यांचा अर्थ विचारला की ‘पुढच्या वर्षी कळेल’ म्हणावं लागे. वर प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम. एक राहिला की सगळं ठप्प. गेल्या वर्षी ऐंशीतल्या एकतीस जणांनी महिन्याभरात विषय सोडला. एका मुलीने अर्जात कारण लिहिलं होतं, ‘मी मठ्ठ आहे.’ ते वाचून मॅडमना रडू आलं होतं आणि संतापही. त्यांना अर्धविराम न लागणारी, सुटसुटीत भाषा हवी होती.

“आम्ही कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम लिहिले,” विभागप्रमुख म्हणाले. पाठीमागे त्यांना सगळे पंचकार्ड म्हणत. “अर्धविरामाने शिस्त लागते. सोप्या भाषेने मुलं लाडावतात.” जुन्या भाषेवरचं क्रमिक पुस्तक त्यांचंच होतं, हा आपला योगायोग.

दुसऱ्या एका सरांनी सध्या चलती असलेल्या तिसऱ्याच भाषेचे गोडवे गायले.

“तुम्हाला येते ती?” मॅडमनी विचारलं.

“तो मुद्दा नाही.”

उरलेल्या दोघांनी प्रमुखांची री ओढली. तेवढ्यात लॅब सांभाळणारे मामा सही घ्यायला आत आले.

“साहेब, चाळीसातल्या बावीस कीबोर्डांचं अर्धविरामाचं बटण गेलंय. मुलं वैतागून ठोकतात. नवे मागवावे लागतील.”

प्रमुखांचा चेहरा पडला. खरेदीच्या कागदाला अकरा सह्या लागत आणि तो घेऊन फिरायचं काम त्यांच्याच गळ्यात पडे. शिस्त कुठल्या कुठे गेली.

“मॅडम, तुमच्या त्या भाषेत अर्धविराम नाही म्हणालात ना? मग तीच घेऊ.”

चार वर्षं घसा कोरडा करून जे जमलं नव्हतं, ते मोडक्या बटणाने चुटकीसरशी केलं. बाहेर आल्यावर मामांनी मॅडमना गाठलं.

“नव्या भाषेत ‘जर’ची ओळ लिहिली की पुढे दोन टिंबं लागतात. ती तर त्याच बटणावर आहेत. बोलला नाहीत?”

“चार वर्षं बोलतच होते, मामा. आज गप्प बसून बघितलं.”

दोन आठवडे छान गेले. तिसऱ्यात ‘जर’ आलं आणि बावीस जणांचं घोडं अडलं. मॅडमनी कळवल्यावर प्रमुखांनी ‘आधुनिक भाषेला आधुनिक कीबोर्ड’ असा कागद काढला, जणू कल्पना त्यांचीच. आता भाषा त्यांनी निवडलेली होती, तेव्हा अकरा सह्या आठ दिवसांत झाल्या.

त्या वर्षी विषय चौघांनीच सोडला. ‘मी मठ्ठ आहे’वाली मुलगी पुन्हा नाव घालून आली होती. ती संध्याकाळी लॅबमधून उठायलाच तयार नसे.

वर्षअखेरीच्या बैठकीत प्रमुख खुशीत होते. “नवे कीबोर्ड उत्तम आहेत. अर्धविराम अगदी लोण्यासारखा उमटतो. म्हणजे आपल्या जुन्या भाषेची अडचण दूर झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तीच घेऊ.” मॅडम सोडून सगळ्यांचे हात वर गेले. इतिवृत्तात ‘एकमताने’ असं लिहिलं गेलं.

मॅडम तडक लॅबमध्ये गेल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि खणातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला.

“चाळीस बटणं. तासाभराचं काम आहे.”

मॅडमना मोह झाला, अगदी खराखुरा. समोर ती मुलगी ओठ चावत ‘जर’ची ओळ लिहीत होती. ओळ संपली आणि तिने ते बटण दाबलं.

“नको मामा,” मॅडम म्हणाल्या. “हिची दोन टिंबंही जातील.”