उभा पाय

ऊ फो थेट पाण्यातून वर आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर शेवाळ होतं आणि बाजाराला निघालेल्या होड्यांतली माणसं पोट धरून हसत होती. इन्ले सरोवरावरचा पट्टीचा कोळी, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं वल्हवणारा, भर सकाळी आपल्याच होडीतून पडला होता.

"झोपला होतात की काय?" घरी बायकोनं, न्येन म्यानं, विचारलं.

"डावा पाय दगा देतोय. तळव्यात कळ येते न् आधारच सुटतो."

"मग बसून वल्हवा, माझ्यासारखं."

"बसून? मग जाळं काय तोंडानं टाकू?"

तेही खरंच होतं. वल्ह्यात हात अडकले तर मासे कोण धरणार? दुसऱ्या दिवशी तिनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथली खिन सेइन व्यायामाचे उपचार करायची. तिनं टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा रोवला. तो कळवळला.

"काका, वल्हवणाऱ्या पायाचं सगळे कौतुक करतात. पण भार सोसतो तो हा, उभा पाय. इथं टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत एक छोटा स्नायू जातो. अंगठ्याला बाकीच्या बोटांपासून दूर सारतो, तळव्याची कमान सावरतो. तुमचा दमलाय. नुसता अंगठा बाजूला करा बघू."

ऊ फो थेटची पाचही बोटं उचलली गेली, भुवयासुद्धा. बाजूला मात्र अंगठा सरकेना. न्येन म्यानं चप्पल काढली आणि आपला अंगठा सहज बाजूला केला.

"हे तर सोप्पंय!"

"तुझं सगळंच वाकडं," तो पुटपुटला.

मग रोज संध्याकाळी दोघं ओसरीवर समोरासमोर पाय पसरून बसू लागली. ती त्याची चार बोटं धरून ठेवी. तो अंगठ्याकडे डोळे वटारून बघे.

"रागावून ऐकणारेय का तो? मी तरी कधी ऐकलं?"

एका संध्याकाळी अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला. दोघांनीही पाहिलं. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा तो पुन्हा होडीत उभा राहिला.

"टॉवेल घेतलास ना?" शेजारच्या होडीतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, तोही हसला.

टोमॅटोच्या तरंगत्या वाफ्यांपुढे गेल्यावर तळवा ठणकू लागला. पूर्वी त्यानं दात-ओठ खाऊन रेटलं असतं. आज त्यानं वल्हं आडवं ठेवलं, सगळ्यांदेखत खाली बसला आणि सावकाश पाय चोळला. होड्या पुढे निघून गेल्या. त्यानं जाऊ दिल्या.

मग तो उठला, पाय नीट रोवला आणि होडी खोल पाण्याकडे वळवली.