चौथ्या वाटेवरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी मला फक्त चित्रात पाहिलं असेल. तळहाताएवढी चपटी डबी, मधे दोन दातेरी भोकं आणि आत गुंडाळलेली तपकिरी फीत. माझ्या अंगावर लाल रंगानं, चांगल्या वळणदार अक्षरात 'तोफखाना' असं लिहिलं आहे. मी रॅपचा अल्बम आहे, सहा गाण्यांचा. आणि माझ्या पोटात दोन माणसं बोलतात. एकाला बोलायला सांगितलं होतं. दुसऱ्याला पुसून टाकलं होतं.

भिऊ नका. निदान लगेच तरी भिऊ नका.

माझा जन्म एका रंगाच्या दुकानावरच्या खोलीत झाला. खाली टर्पेंटाइनचे डबे, वर आम्ही. खोली भाड्यानं घेतली होती ती दोघा दोस्तांनी. एक पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या. पुरुषभर उंचीची अक्षरं काढायची सवय, त्यामुळे बोलणंही तसंच. त्याला सगळे तोफ म्हणत. दुसरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूंशी बोलत बसायचा. त्याचं नाव पडलं टिकटिक. तोफ बोलला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि टिकटिक बोलला की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं.

त्यांचं यंत्र साध्या टेपरेकॉर्डरसारखं नव्हतं. ते माझ्या फितीवर एकाच दिशेनं चार वाटा काढायचं, शेजारी शेजारी. म्हणून इतर कॅसेटसारखी मला दुसरी बाजू नाही. पहिल्या वाटेवर ठेका, दुसरीवर कीबोर्डचे सूर, तिसरीवर तोफ आणि चौथीवर टिकटिक. चार वाटा एकदम वाजल्या की गाणं व्हायचं. यंत्राला दोन हेड होती, म्हणजे फितीला टेकणारे धातूचे चिमुकले ठोकळे. एक माझ्यावरचं जुनं पुसायचं, दुसरं नवं लिहायचं. फितीची भुकटी त्यांच्यावर बसते, ती पुसावी लागते. हे काम टिकटिकचं. दर वेळी बसण्याआधी तो काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून दोन्ही हेड लखलखीत करायचा. तोफ हसायचा. "अरे, गाणं म्हणायला आलायस की बाळाला न्हाऊ घालायला?"

"बाळाचीच सवय करतोय," टिकटिक म्हणायचा. त्याच्या बायकोला सातवा लागला होता.

त्या काळचा रॅप कसा होता, तेही सांगते. छाती ठोकायची, समोरच्याला धुवायचं, आणि ओळ संपली की यमक असं आपटायचं की दार बंद झाल्यासारखं वाटावं. तिसऱ्या गाण्यात तोफ म्हणतो:

"मी आलो की गल्ली हलते, मी बोललो की भिंत,
माझ्यासमोर उभं राहायची आहे का कोणाची हिंमत?"

आणि मग तो थांबतो. ऐकणाऱ्यानं ओरडून दाद द्यावी, म्हणून ठेवलेली ती जागा.

टिकटिकचं कडवं त्याच्या जोडीनंच चालायचं. त्याच ठेक्यावर, पण त्याचं स्वतःचं वेगळं होतं:

"झाकण काढलं, आत पाहिलं, चाकाला चाक, दाताला दात,
थांबलेला वेळ थंड असतो, धरून बघा एकदा हातात."

तो ठेक्यावर कधीच वेळेत यायचा नाही. अर्धं पाऊल मागून, जिना उतरताना चप्पल शोधल्यासारखा. यमकं ओळीच्या शेवटी न ठेवता कुठेतरी मधे लपवायचा. म्हणून झालं की माईकमध्येच विचारायचा, "बरं आलं का रे?" तोफ नुसता बटण दाबायचा.

एका रविवारी टिकटिक आला नाही. पहाटेच त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. दुपारी तोफ एकटाच यंत्रासमोर बसला. त्यानं टिकटिकचं कडवं तीनदा ऐकलं. मग स्वतःशीच म्हणाला, "हे काय पुटपुटणं? अख्खं गाणं झोपतंय." मित्रांनो, मी त्याच्या बोटाखाली होते, म्हणून मला ठाऊक आहे. गाणं झोपत नव्हतं. तोफेची झोप उडाली होती.

त्यानं चौथ्या वाटेवर आपलंच नवं कडवं भरलं. माझ्या पाठीवर दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या की माझ्यावर पुन्हा काही लिहिता येत नाही. त्या कोणी मोडल्या नव्हत्या. आणि आणखी एक गोष्ट त्या दिवशी कोणी केली नव्हती. हेड कोणीच पुसलं नव्हतं. पुसणारा दवाखान्यात बाळाची वाट बघत बसला होता.

पुसणाऱ्या हेडवर मळाचा थर होता, म्हणून ते माझ्या अंगाला नीट टेकलंच नाही. वरून तोफेचा आवाज आला आणि टिकटिकचा आवाज खाली, काठाकाठानं उरला. दार लोटलं आणि कोणी दाराआडच उभं राहिलं, तसा. मी हललेसुद्धा नाही. मला विसरायला सांगितलं होतं आणि मला ते जमलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

पुढच्या रविवारी टिकटिक पेढे घेऊन आला, मुलगी झाल्याचं सांगितलं, मग गाणं ऐकलं. आपलं भिंग, चिमटा आणि कापसाची पुडी घेऊन जिना उतरला. त्या खोलीत परत आला नाही.

मी मात्र गाजले! माझ्यावरून शंभर-दीडशे प्रती निघाल्या. न्हाव्याकडे, गॅरेजमध्ये, बस थांब्यावर मीच. पोरं तोफेच्या ओळी पाढ्यांसारख्या घडाघडा म्हणत. फक्त एक विचित्र तक्रार यायची. न्हावी एकदा म्हणाला, "तोफसाहेब, तिसऱ्या गाण्यात मागे कोण उभं आहे हो? वीज गेली, पंखा थांबला, टेप सेलवर चालू होता, आवाज बारीक केला होता मी... तर तुम्ही गप्प झालात आणि कोणीतरी श्वास घेतला."

"तुझं गिऱ्हाईक असेल," तोफ म्हणाला. पण त्याचा चेहरा रंग न लावलेल्या पाटीसारखा झाला.

चार वर्षांनी टिकटिक गेला. ताप डोक्यात गेला म्हणाले. त्याला पोचवून आल्यावर तोफेनं अंघोळ केली, यंत्र काढलं आणि मला लावलं. हळू लावलं. प्रतींचं सोडा, पण मला स्वतःला त्याआधी हळू आवाजात कोणी लावलंच नव्हतं.

"आहे का कोणाची हिंमत?" माझ्यातली तोफ ओरडली आणि थांबली.

त्या रिकाम्या जागेत, अर्धं पाऊल मागून, कोणीतरी म्हणालं, "...थंड असतो, धरून बघा एकदा हातात."

आणि गाणं संपल्यावर, अगदी जवळून: "बरं आलं का रे?"

तोफेनं मला उपसून काढलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, डब्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि कपाटावर फेकलं. त्या डब्यात मी सव्वीस वर्षं होते. अंधाराचं मला काही वाटत नाही. पण फीत गुंडाळलेली असली की सगळे आवाज एकमेकांना चिकटून बसतात. एकजण ओरडत होता, एकजण विचारत होता, आणि मला कूस बदलायला जागा नव्हती.

बाहेर काय चाललं होतं ते पत्र्यातून कानावर यायचं. रॅप बदलत होता. आधी वेगवान झाला, मग दुःखी, मग फोनमध्ये शिरला. तोफेच्या पुतण्यानं कुठूनतरी माझी एक घासलेली प्रत मिळवून लावली, तेव्हा तो विचारत होता, "काका, तुम्ही एवढे ओरडताय का? काही हरवलं होतं का?" पाचव्या गाण्यात एका जाड मुलीची टिंगल आहे. तेव्हा बस थांबा खो-खो हसायचा. आता तोफेची बायको म्हणाली, "ती ओळ लिहिलीस तेव्हा मी समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते. मला कळलं नव्हतं असं वाटतं का तुला? लग्नाला हो म्हटलं, ते ओळ विसरून नाही."

"काय?" तोफ मोठ्यानं म्हणाला. त्याला नीट ऐकूच आलं नव्हतं. इतकी वर्षं स्पीकरला कान लावल्यावर दुसरं काय होणार? पाट्याही आता कोणी रंगवून घेत नव्हतं. छापूनच आणायचे.

मग एका दुपारी बेल वाजली. तिशीतली एक बाई आली. कानाच्या दवाखान्यात श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते म्हणाली. मग म्हणाली, "काका, मी टिकटिकची मुलगी."

तोफेची खुर्ची कर्रकन मागे सरकली.

"आई गेली गेल्या महिन्यात. बाबांच्या दुकानातल्या खणात वही सापडली. त्यात त्यांचं कडवं आहे. खाली लिहिलंय, तिसरं गाणं, चौथी वाट. मला त्यांचा आवाज आठवत नाही, काका. चेहरा आठवतो, हात आठवतात, आवाज नाही. एकदा ऐकायचाय."

"ती कॅसेट केव्हाच खराब झाली गं," तोफ मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्या माणसांना वाटतं की खोटंही मोठ्यानं बोललं की खरं होतं. "आणि त्याचं कडवं त्यात नाहीच. मी... ते राहिलं नाही."

"राहिलं नाही की ठेवलं नाहीस?" बायको म्हणाली. स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि मित्रांनो, माझा डबा हलला. चिकटपट्टी सुटली. सव्वीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. "घे गं पोरी. यंत्र माळ्यावर आहे. हा माणूस याला हातही लावत नाही आणि टाकूही देत नाही."

तोफ भिंतीकडे तोंड करून बसला. मग सगळं बोलला. रविवार, दवाखाना, बटण. "तू जन्मलीस त्या दुपारी मी तुझ्या बापाला पुसला," तो म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. मग माळ्यावरचं यंत्र उतरवलं आणि त्याच्या झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.

यंत्रातला रबरी पट्टा डांबरासारखा वितळला होता. तिनं तो बदलला. दोन्ही हेड कापसानं पुसली. पुसणाऱ्या हेडवरचा थर पाहून तिनं विचारलं, "हे कोणी साफ करत नव्हतं?"

"तुझा बापच करायचा," तोफ म्हणाला. "त्या आठवड्यात तो आला नव्हता."

तिनं तो काळा कापूस न टाकता बाजूला ठेवला. मग तिनं मला आत बसवलं, पहिल्या तीन वाटा बंद केल्या आणि आवाज अगदी बारीक ठेवला. तोफेच्या बायकोला जवळ बोलावलं. मी फिरू लागले. माझं अंग करकरत होतं. ठेका नाही, सूर नाही, नुसती तोफ, उघडी, जिन्यातून ओरडणाऱ्या माणसासारखी. आणि तो जिथे जिथे दम घ्यायला थांबला, तिथे तिथे दुसरा माणूस.

"अगंबाई," काकू कुजबुजली. तिच्या हातावर काटा आला होता.

मुलगी मात्र हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "काकू, हे तर आत्ताच्या रॅपसारखं आहे. आत्ता सगळे असंच म्हणतात. हळू, मागून, यमक लपवून. बाबा तीस वर्षं आधी आले होते."

"त्यात आता काही नाही," तोफ कोपऱ्यातून म्हणाला. "मला काहीच ऐकू येत नाहीये. गेला तो." त्याच्या आवाजात सुटकाही होती आणि आणखी काहीतरी होतं, जे सुटकेसारखं अजिबात नव्हतं.

ती उठली. दवाखान्याच्या पिशवीतून एक श्रवणयंत्र काढून तिनं त्याच्या कानामागे अडकवलं. तो मान झटकणार होता, पण तिनं त्याची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी. मला मागे फिरवलं. पुन्हा लावलं.

तोफ ओरडली आणि थांबली. श्वास आला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. चाकाला चाक, दाताला दात. एकही शब्द तो विसरला नव्हता. आणि ऐका, तो ठेक्यावर आला नाही. अर्धं पाऊल मागून आला, त्याच्याबरोबर. माझ्यातला मेलेला माणूस आणि बाहेरचा जिवंत माणूस एका आवाजात बोलत होते, आणि माझ्यातली तरुण तोफ मधे मधे उगाच ओरडत होती.

शेवटी तो प्रश्न आला. "बरं आलं का रे?"

तोफेनं दोन्ही हात यंत्रावर ठेवले. "बरं आलं रे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरं आलं. म्हणून तर."

फीत पुढे सरकत राहिली. त्यानंतर माझ्यावर काही नाही, नुसती सरसर. तरी तिघंही ती सरसर शेवटापर्यंत ऐकत बसली.

मग मुलीनं पिशवीतून बापाचा घड्याळं दुरुस्त करायचा चिमटा बाहेर घेतला आणि माझ्या पाठीवरच्या दोन पट्ट्या मोडल्या. कट, कट. आता माझ्यावर कोणीही काही लिहू शकत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून-झाडून जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला एका न पुसलेल्या हेडनं जपलं, तेव्हा ते मी कोणत्या तोंडानं सांगू? एवढंच मागते. दुसऱ्याच्या आवाजावर आपला आवाज भरू नका. आणि घरात कुठे माझ्यासारखी एखादी सापडली, तर तिला हळू लावा. ओरडणारा थांबला म्हणून लगेच बंद करू नका. जरा बसा. दुसरा बोलण्याआधी श्वास घेतो.