मशीन विचारतं

ऑफिसातले सर्व्हर मी एकटाच सांभाळतो. कमांड टाइप करायच्या जागी आधी नुसतं माझं नाव दिसायचं. लांब नोकरीला जाण्याआधी लेक इथे आली आणि तिने ते बदललं. आता तिथे 'बाबा, जेवलात का?' असं येतं.

तिने ते फाइलमध्ये सेव्ह केलं नाही. विंडो बंद केली की गेलं. म्हणून सात महिने मी मशीन बंद केलेलं नाही. साहेब अपडेटसाठी डोकं खातात, खाऊ देत. एक ओळ सेव्ह केली की कायमचं राहील, हे का मला कळत नाही? पण मग विचारणारा मीच.

काल वैतागून लिहिलं, 'जेवलो गं बाई.' मशीन म्हणालं, अशी कमांड नाही. आणि खाली पुन्हा तेच विचारलं.