मुकुटवाला म्हसोबा

सिंदफणेच्या काठी मुक्ताबाईचा ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि तो गाळायला चरक नव्हता. पलीकडच्या गावचा भाड्याचा चरक चैत्राआधी मोकळा होणार नव्हता. तोवर रस आटून उसात नुसता भेंडा उरला असता. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, "जमीन आमाला दे, बाईमाणसाला ऊस जमत न्हाई." तिनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं आणि ऊस लावला. तो वाळला तर जमीन हातची जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोठ्यामागं सासऱ्यांचा लोखंडी चरक बारा वर्षं कडब्याखाली पडून होता. तिनं तो उघडा केला आणि रामकिसन लोहाराला बोलावलं. त्यानं दोन्ही बाजूंच्या लाटांवर, म्हणजे ऊस पिळणाऱ्या उभ्या रुळांवर, हातोडी टकटक वाजवून कान लावला.

"तडा न्हाई, वहिनी. गंज घासून निघंल. पण मधली लाट कुठं हाय? तिच्याबिगर समदं मोडीत घाला."

मधली लाट दुरुस्तीला नेताना ओढ्यापाशी गाडीचा आस मोडला होता. गड्यांनी लाट तिथंच उभी करून ठेवली, त्याच आठवड्यात सासरे वारले आणि पुढं तिची कुणी चौकशीच केली नाही.

मुक्ताबाई ओढ्यावर गेली. तिथं लाट नव्हती, म्हसोबा होता. कमरेइतका उंच, शेंदरानं फुगलेला आणि डोक्यावर मुकुट. असा मुकुटवाला म्हसोबा अख्ख्या मोगलाईत नाही, याचा गावाला कोण अभिमान! तिनं स्वतः त्याला किती नारळ फोडले होते. आज मात्र ती मुकुटाकडं बघतच राहिली. मुकुटाला सारख्या अंतरावर दाते होते.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या ताटात तिनं कणकेचा घट्ट गोळा नेला, मुकुटावर दाबला आणि ठसा घरी आणून चरकाच्या दात्यांवर बसवला. नेमका बसला. तिला हसू फुटलं आणि लगेच घामही.

तिनं लाट मागितली तेव्हा गावचे सुंदरराव पाटील मात्र भडकले. "देव उपटायचा? कावून? उसापाई?"

"मामा, ती आमच्या चरकाची लाट हाय."

"मग बारा वर्षं समदं गाव काय लाटंच्या पाया पडलं?"

खुद्द पाटलांना मुलगा झाला तो या म्हसोबाच्या नवसानं. शेवटी ते म्हणाले, "देवानं आपणहून खोळ टाकली तर ने. छिन्नी लावलीस तर गावाशी गाठ हाय."

शेंदराचं जाड कवच देव कधीमधी आपणहून टाकतो, म्हणजे खोळ टाकतो. ती वाजतगाजत नदीत सोडायची, ही रीत. पण ते पिढ्यान्‌पिढ्यांत एखाद्या वेळी घडायचं. पाटलांना वाटलं, बाईचं तोंड बंद झालं.

"अभिषेकाला तर मनाई न्हाई ना, मामा?"

अभिषेकाला कोण नाही म्हणेल? दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती कढत पाण्याचे दोन हंडे ओढ्यावर नेऊन म्हसोबावर ओतू लागली. दीर बांधावर उभे राहून हसायचे. पाचव्या दिवशी तिचा हात पोळला. तिनं हाताला चिंधी गुंडाळली आणि सहाव्या दिवशी पुन्हा हंडे उचलले.

अकराव्या दिवशी खोळ तडकली आणि एका अंगानं गळून पडली. आतलं लोखंड काळंभोर, कोरं होतं. बारा वर्षांच्या तेला-शेंदरानं त्याला गंज शिवलाच नव्हता. गोठ्यातल्या लाटा गंजल्या आणि बेवारस लाट तेवढी जपली गेली. पाटलांनी पागोटं काढून हात जोडले, खोळ स्वतः डोक्यावर घेऊन नदीत सोडली आणि ओढ्यावर नवा धोंडा बसवून त्याला शेंदूर फासला.

पौष सरायच्या आत चरक उभा राहिला. बैल जुंपले, उसाच्या मोळ्या आल्या. दीरही आले होते, पण आज हसत नव्हते. मुक्ताबाईनं पोळलेल्या हातानं मधल्या लाटेला हळद-कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बारा वर्षं लई बसून खाल्लंस, देवा. आता कामाला लाग."