मचाणावरची बोलणी

गेल्या हंगामात आमचा बेसबॉलचा संघ एकशे नऊ सामने हरला, आणि हे सांगताना मला आता लाज वाटत नाही. शंभरापर्यंत वाटत होती. त्यानंतर माणूस कोडगा होतो आणि मजा बघायला लागतो. डुलुथ हेरॉन्स हे आमच्या संघाचं नाव. हेरॉन म्हणजे बगळा. आमच्या गावचे लोक म्हणतात, खरा बगळा निदान एका पायावर तरी उभा राहतो.

म्हणून मालकांनी कॅलिफोर्नियाहून एक नवा जनरल मॅनेजर आणला. ट्रेव्हर कासुगा, वय चौतीस, पायात पांढरे बूट. संघ मुळापासून नव्याने उभा करायचा, जुनी खोडं काढायची आणि कोवळी पोरं आणायची, असं त्याचं काम. आल्या आल्या त्याने सात जण दुसऱ्या संघांना देऊन टाकले, तिघांचे करार मोडले आणि ऑफिसातलं कॉफीचं मशीन बदललं. लोकांना राग आला तो मशीनचा. माझ्यावर कुऱ्हाड कशी पडली नाही हे मला अजून कळलेलं नाही. मी व्हर्न टॉलेफसन. गावोगाव हिंडून खेळाडू हेरायचे, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. त्या बावीस वर्षांत मी एक्केचाळीस पोरं करारावर घेतली, आणि त्यातला एकही मुख्य संघाच्या मैदानावर पोचला नाही. एक दंतवैद्य झाला. माझी दाढ त्यानेच काढली.

बेचाळिसावा एमेट स्कोग. हा मला एका चीजच्या कारखान्यामागच्या मैदानावर रविवारी दुपारी सापडला. डाव्या हाताने चेंडू असा टाकायचा की समोरचा फलंदाज बॅट फिरवून झाल्यावर आपल्याच बॅटीकडे संशयाने बघायचा. चार वर्षं तो आमच्या खालच्या संघांत घासला. आता तो तेवीस वर्षांचा होता, तयार होता, आणि अडचण एवढीच होती की त्याला जागा नव्हती.

जागेचं असं आहे. प्रत्येक संघाची चाळीस नावांची एक यादी असते. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता ती बंद होते. एमेटसारखा चार वर्षं झालेला खेळाडू तोवर यादीत आला नाही, तर पुढच्या महिन्यात कुठलाही संघ त्याला उचलून नेऊ शकतो. आणि नेणार होते. तीन संघांचे हेर मी माझ्या डोळ्यांनी त्याच्या सामन्याला बसलेले पाहिले होते. त्यातल्या एकाने मला शेंगदाणेसुद्धा दिले होते, म्हणजे बघा.

आमची चाळीसही नावं भरलेली. त्या यादीवर ट्रेव्हरने आठवडाभर खल केला, आणि प्रत्येक वेळी बोट एकाच नावापाशी येऊन थांबलं. लॉयड ग्रॉनसेथ. पहिल्या बेसवरचा आमचा राजा. सतरा वर्षं डुलुथमध्ये, वय एकोणचाळीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, करार अजून एका वर्षाचा, नव्वद लाख डॉलर. त्याच्या नावाचं सँडविच आहे. पुलाला त्याचं नाव द्यायचं चाललं होतं.

तर मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? ट्रेव्हर आणि मी दोनदा त्याच्या घरी गेलो. पहिल्या वेळी आम्ही पाऊण तास बर्फ काढायच्या यंत्रांवर बोललो आणि परत आलो. दुसऱ्या वेळी त्याचा बोटीचा धक्का पाण्यातून काढायला मदत केली आणि परत आलो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आमच्याकडे कुणाला दुखवायची इतकी भीती असते की माणसं आग लागली तरी "तुम्हाला जरा उकडतंय का?" असं विचारतील. ट्रेव्हर बाहेरचा, पण सहा आठवड्यांत त्यालाही हा रोग लागला होता.

शेवटी तो मंगळवार उजाडला. लॉयड फोन उचलेना. ऑफिसात फोन उचलायला मार्लीस सोडून कुणी नव्हतं, कारण हरणांच्या शिकारीचा मोसम चालू होता आणि सगळे रानात होते. मार्लीसचं हरीण शनिवारीच पडलं होतं, म्हणून ती कामावर.

"यादी मी भरून ठेवते," ती म्हणाली. "चाळिसावं नाव मोकळं ठेवते. पाचच्या आत सांगा. पाच वाजून एक मिनिटाला सांगितलंत तर मला काही उपयोग नाही आणि तुम्हालाही नाही."

साडेतीनला आम्ही लॉयडच्या दारात होतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. रेनाटा न्यूजर्सीची. सतरा वर्षं आमच्यात राहूनही ती सरळ बोलते.

"रानात आहे, मचाणावर," ती म्हणाली. "पहाटेपासून. तिसऱ्यांदा आलात ना? या वेळी काय दुरुस्त करणार आहात?"

"सहजच," मी म्हणालो.

"सहज म्हणे." तिने आम्हा दोघांच्या अंगावर शिकाऱ्यांचे भडक केशरी जॅकेटं फेकली आणि माझ्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा दिला. "एकदाचं बोला काय ते. तो पण तुमच्यातलाच. तोही बोलायचा नाही. मी मधल्यामध्ये वेडी व्हायची."

मचाण म्हणजे एका मोठ्या पाइनला टेकवलेली शिडी आणि वर दोन माणसांपुरती फळी. आम्ही तिसरे. ट्रेव्हरचे पांढरे बूट शिडीवर घसरत होते, आणि वरून लॉयड तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प राहायच्या खुणा करत होता. सव्वासहा फुटांचा माणूस, मांडीवर बंदूक, दाढीवर बर्फ. त्याने सरकून जागा केली. तिघं खांद्याला खांदा लावून बसलो.

"हरीण आहे," तो कुजबुजला. "मोठं. दहा टोकांची शिंगं. तीन दिवस हुलकावण्या देतंय."

"वा," ट्रेव्हर कुजबुजला.

"गुडघे कसे आहेत?" मी कुजबुजलो.

"बरे आहेत. तुमचे?"

"बरे."

नमनाला घडाभर तेल गेलं आणि घड्याळात चार वाजून अठरा मिनिटं झाली. मी डबा उघडला. आम्ही वड्या खाल्ल्या. शेवटची उरली. ती कुणी घेईना. आमच्याकडे शेवटची वडी कुणी घेत नाही, तिची अर्धी घेतात, मग दुसरा उरलेल्या अर्ध्याची अर्धी घेतो, आणि शेवटी डब्यात मुंगीच्या जेवणाएवढी वडी उरते, तीही मानाने.

"लॉयड," ट्रेव्हरने सुरुवात केली, "पुढच्या वर्षीचं मी जरा..."

"शूऽ," लॉयड म्हणाला.

आलं होतं ते. झाडीतून असं सावकाश, जणू भाड्याने घर बघायला आलंय. शिंगं खरंच दहा टोकांची. लॉयडने बंदूक उचलली. ट्रेव्हरने श्वास रोखला. मी घड्याळ बघितलं. चार चौतीस. माझ्या डोळ्यांसमोर एमेट दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट घालून उभा राहिला आणि शेजारी तो शेंगदाणेवाला हसत होता. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललेलो नाही.

"लॉयड, तुला काढायला आलोय रे आम्ही," मी ओरडलो, चांगला बेंबीच्या देठापासून. "तुझी जागा पाहिजे."

हरीण गेलं. दोन खारी गेल्या. पलीकडच्या तळ्यावरची बदकं उठली आणि बराच वेळ उठत राहिली. माझे कान गरम झाले. सहासष्ट वर्षांत मी कुणाला असं तोंडावर बोललो नव्हतो, लग्नातसुद्धा.

लॉयडने बंदूक खाली ठेवली. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. बघतो तर तो हसत होता, आवाज न करता, सवयीने, आणि मग आवाज करून.

"सप्टेंबरपासून वाट बघतोय," तो म्हणाला. "म्हटलं, आपण कसं सांगायचं? एकशे नऊ सामने हरलेल्या संघाला सोडून जायचं म्हणजे बुडत्या बोटीतून उडी मारल्यासारखं दिसतं. तुम्ही दोनदा आलात, म्हटलं, आता काढतील. तर तुम्ही माझा धक्का काढलात."

"तुम्हाला थांबायचंय?" ट्रेव्हरने विचारलं.

"सकाळी मोजे घालायला मला वीस मिनिटं लागतात, ट्रेव्हर."

मग दोघांनी एकदमच खिशात हात घातला. ट्रेव्हरच्या हातात त्याने आणलेली सोडचिठ्ठी, लॉयडच्या हातात त्याने सप्टेंबरातच लिहून ठेवलेलं निवृत्तीचं पत्र, घडीवर कॉफीचा डाग. दोघांनी एकमेकांचे कागद बघितले. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिथून बाहेर आला. कारण या दोन कागदांत नव्वद लाखांचा फरक होता. संघाने काढलं तर लॉयडला सगळे पैसे मिळणार. तो आपण होऊन गेला तर एक पैसा नाही.

"माझं पत्र पाठवा," लॉयड म्हणाला. "न खेळता पैसे घेणं बरं दिसत नाही."

"छे छे," ट्रेव्हर म्हणाला. "आम्हीच काढतोय. सतरा वर्षं दिलीत. घ्या तुम्ही."

"नको, खरंच नको."

"अहो, घ्या."

"नाही नाही. त्यात तुम्ही चेंडू टाकणारे दोन चांगले पिचर आणाल."

ट्रेव्हरने खांदे पाडले. "बरं, तुमची इच्छाच असेल तर..."

मी त्याच्या पांढऱ्या बुटावर पाय दिला. कॅलिफोर्नियात दोनदा नाही म्हणजे नाही असेल. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय माणूस पाणीसुद्धा घेत नाही, आणि सतरा वर्षं राबलेल्या माणसाला दोनदा विचारून उठणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखं.

"तिसऱ्यांदा विचार," मी दात आवळून म्हणालो.

"लॉयड, घ्याच," ट्रेव्हर म्हणाला. पाय दुखत असल्याने त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते फार शोभून दिसलं.

लॉयडने डब्यातल्या शेवटच्या वडीकडे बघितलं. "अर्धे," तो म्हणाला. "अर्धे घेतो. अर्ध्यात पिचर आणा."

"पाऊण घ्या हो."

"पाव."

"चार बावन्न," मी म्हणालो. "पुढे दोघांपैकी जो तोंड उघडेल त्याला मी खाली ढकलीन."

अर्ध्यावर ठरलं. बाकीचं उद्या वकील बघतील, असं म्हणून लॉयडने आपल्या पत्रावर तारीख घातली. मग कागद गुडघ्यावर टेकवून सही केली, सतरा वर्षं चेंडूंवर करत आला तशीच, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून. ट्रेव्हरने फोनवर फोटो काढला आणि हात उंच करून पाठवला, कारण त्या अख्ख्या रानात एवढ्याच उंचीवर फोन लागतो.

"आलं," मार्लीस फोनवर म्हणाली. "चाळिसावं नाव?"

"एमेट स्कोग," मी म्हणालो. नाव सांगताना माझा आवाज फाटला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

"भरलं. चार सत्तावन्न. लॉयडला सांगा, मी त्याच्यासाठी हरणाचं सॉसेज काढून ठेवलंय. आणि त्याला म्हणावं..." ती थांबली. "काही नाही. सॉसेजचंच सांगा."

लॉयड हसत होता, पण नाक ओढत होता. मी एमेटला फोन लावला. तीनदा वाजला. मग अगदी बारीक आवाज आला.

"व्हर्न, आत्ता बोलता येणार नाही."

"एमेट, अरे, ऐक..."

"मचाणावर आहे. समोर हरीण उभं आहे. पहिलंच. माझे हात थरथरतायत."

अख्ख्या आयुष्याची बातमी माझ्या जिभेच्या टोकावर होती आणि पोरगं हरीण बघत होतं. फोन तसाच चालू राहिला, त्याने तो फांदीवर ठेवला असावा. आम्हाला त्याचा श्वास ऐकू येत होता, भराभर, पळून आल्यासारखा. ट्रेव्हरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या सगळ्या तक्त्यांत एमेटबद्दल एकच वाईट ओळ होती, की समोरच्या संघाची माणसं बेसवर असली की हा घाबरतो.

लॉयडने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि ओठांजवळ धरला.

"हात सोड," तो कुजबुजला. "हातांचा विचार करू नकोस. त्यांना थरथरू दे, माझे सतरा वर्षं थरथरले. पाय टेकलेत?"

"हो," एमेट कुजबुजला.

"मग तू पडणार नाहीस. आता श्वास घे. अर्धा सोड. अर्धा ठेव. घाई नाही, ते तुझ्याकडेच येतंय."

आम्ही तिघं एका फळीवर दाटीने बसून दीडशे मैलांवरच्या एका हरणाची वाट बघत होतो. ट्रेव्हरने माझा दंड धरला होता, का ते त्यालाही माहीत नसावं. मग फोनमधून ठो आवाज आला आणि पाठोपाठ काही नाही, आणि मग एक असा आनंदाचा ओरडा की फोन लॉयडच्या हातातून सुटता सुटता राहिला.

"पडलं," एमेट धापा टाकत म्हणाला. "व्हर्न, पडलं. एका गोळीत." मग त्याच्या लक्षात आलं. "पण तुम्ही व्हर्न नाही. कोण बोलतंय?"

अंधार पडत होता, आणि लॉयड असा तोंडभर हसत होता की मी त्याला गेली दहा वर्षं तसं पाहिलं नव्हतं.

"मी लॉयड ग्रॉनसेथ," तो म्हणाला. "तुझी जागा आत्तापर्यंत धरून बसलो होतो. घे बाबा आता."