पाठ बांधलेला हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे आणि मित्रांनो, तुमच्याशी गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. पण माझी गोष्ट सांगायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून मलाच बोलावं लागतंय.

आधी माझी पाठ बघा, म्हणजे कानांवरच्या दोन वाट्यांची बाहेरची बाजू. इतर हेडफोनांच्या पाठी बंद असतात, माझ्या दोन्ही पाठींना नुसती जाळी आहे. आतलं गाणं थोडं बाहेर जातं, बाहेरचं जग थोडं आत येतं. मला बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं, कारण त्यामुळे गाणं मोकळं ऐकू येतं. पण हे ऐकून घेण्याएवढा धीर कोणाला असतो? जो तो जाळीत नख खुपसून विचारतो, हा फुटलाय का?

वसई स्टेशनजवळच्या मितेशच्या दुकानात मी वर्षभर सर्वांत खालच्या खणात पडून होतो. मितेशला माझी लाज वाटायची. गिऱ्हाईक आलं की तो जाडजूड, बंद, छाती हादरवणारे हेडफोन पुढे करायचा. माझ्यावर धूळ बसली, तीही त्याने कधी पुसली नाही.

मग एलिसा आली. पाचूबंदरच्या फ्रान्सिस कोळ्याची ही मुलगी विरारच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते आणि चर्चच्या गायकवृंदात गाते. मितेशने तिच्या डोक्यावर एकामागून एक चार बंद हेडफोन चढवले. प्रत्येक वेळी ती हळूच एक ओळ गुणगुणायची आणि हेडफोन काढून ठेवायची. शेवटी कंटाळून त्याने मला काढलं आणि आधीच सांगून टाकलं, "मॅडम, ह्याच्यात बाहेरचं सगळं ऐकू येतं. हा त्याचा प्रॉब्लेम आहे."

"मला तेच पायजे," एलिसा म्हणाली. "गाताना मला माझा आवाज पन ऐकायला लागतो."

मी स्वस्त होतो, हलका होतो, साध्या फोनवर भरपूर वाजत होतो. पण ह्यांतल्या कशासाठीही तिने मला घेतलं नाही. मी जसा आहे तसाच तिला हवा होतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला नीट ओळखलं. हे मी कबूल करतो, मग मला पुन्हा रागावायचं आहे.

गायकवृंदाचे रॉबर्ट सर चाली गाऊन फोनवर पाठवायचे. एलिसा संध्याकाळी ओट्यावर बसायची. समोर काठ्यांवर बोंबील वाळत असायचे. माझ्यातून सरांचा सूर आणि जाळीतून तिचा स्वतःचा, दोन्ही शेजारीशेजारी चालायचे. कुठे फरक पडला की तिला लगेच कळायचं. शिवाय बोंबलांवर कावळा बसला तर तोही ऐकू यायचा, ती त्याला हाकलायची आणि आईची शिवी टळायची. रिक्षात मात्र ती मला लावायची नाही, कारण शेजारच्यांना सगळं ऐकू गेलं असतं. तेवढी अक्कल तिला होती.

त्या वर्षी चर्चच्या सणाच्या मिस्सेत, म्हणजे मोठ्या प्रार्थनेत, स्तोत्र कोणी गायचं ते ठरायचं होतं. सणाला एकच आवाज एकटा गातो. एलिसा चार वर्षं मागच्या रांगेत उभी होती आणि ह्या वेळी सरांनी तिला आणि क्रिस्टिनाला, दोघींना तयारी करायला सांगितलं होतं. एलिसाला ते स्तोत्र किती हवं होतं ते मला ठाऊक आहे. शाळेतून आली की ती चहाच्या आधी मला हातात घ्यायची.

आणि इथे फ्रान्सिसने माझी काळजी घेतली.

कोळ्यांच्या घरी एक रीत आहे. बोटीवर जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती बॅटरी असो, फोन असो की रेडिओ, आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि वरून काळी चिकटपट्टी ताणून मारायची. खाऱ्या हवेत उघडी वस्तू टिकत नाही, हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत आहे. एका रविवारी एलिसा बाहेर गेली असताना फ्रान्सिसने मला उचललं. माझ्या पाठीची जाळी पाहून त्याचा जीव कळवळला. जाड पिशवी कापून त्याने दोन गोल तुकडे केले, जाळीवर घट्ट बसवले आणि त्यावर चिकटपट्टीचे तीन थर दिले. एकही सुरकुती ठेवली नाही. मी आत गुदमरलो.

एलिसा परत आली तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "खाऱ्या हव्यात लोखान टिकत नाय गो. आता पानी पन शिरनार नाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला, मला दिसला. पण पहाटेपासून मासळीची जाळी ओढून बापाची बोटं सुजली होती आणि त्याच बोटांनी त्याने हे काम केलं होतं. ती म्हणाली, "छान झालं, पप्पा." खोटारडी! माझा सर्वांत मोठा राग ह्या दोन शब्दांवर आहे. पट्टी काढली तर त्याला वाईट वाटेल म्हणून तिने ती तशीच ठेवली आणि होईल सवय असं स्वतःला समजावलं.

मित्रांनो, कानांत बोटं घालून एकदा गाऊन बघा. तुमचाच आवाज डोक्यात घुमतो आणि सूर कुठे लागतोय ते समजत नाही. एलिसा तीन आठवडे तशी गायली. स्वतःचाच आवाज मोठा वाटायला लागला, म्हणून ती दबक्या आवाजात गाऊ लागली. सूर रोज थोडाथोडा खाली घसरत होता. मी ऐकत होतो. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

निवडीच्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये होतो. रॉबर्ट सरांनी तिला दुसऱ्याच ओळीला थांबवलं. पुन्हा गायला लावलं, पुन्हा थांबवलं. ते एवढंच म्हणाले की एलिसा, तू खाली उतरतेस. स्तोत्र क्रिस्टिनाला मिळालं.

घरी येऊन एलिसाने चिकटपट्टी ओरबाडली. पट्टीबरोबर माझ्या डाव्या बाजूची जाळी निघाली आणि स्पंज फाटला. तशा अवस्थेत तिने मला डोक्यावर चढवलं आणि गायली. पहिली ओळ अगदी बरोबर लागली. मग ती रडली. फ्रान्सिस दारात उभा होता. 

सण झाला. क्रिस्टिना छान गायली, उगीच खोटं कशाला बोलू? एलिसा मागच्या रांगेत होती.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस बाजारातून नवा हेडफोन घेऊन आला. मोठा, जाड, चारी बाजूंनी बंद. तो म्हणाला, ह्याला आता काही बांधायला नको. मला हसावं की रडावं कळेना. इतकं होऊनही त्या माणसाने विचारलं नव्हतं!

एलिसाने खोकं उघडलंच नाही. "पप्पा, मला हा नको," ती म्हणाली. "तेव्हा पन नको होता बांधलेला. मी सांगितलं नाय, ती माझी चूक. पन तू मला एकदा तरी विचारायचंस."

फ्रान्सिसने खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "मंग तुला काय पायजे?"

"बस इथं. ऐक."

तिने माझा फाटका स्पंज कानावर नीट बसवला आणि ओट्यावर उभं राहून सगळं स्तोत्र म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही सूर खाली आला नाही. भरलेल्या चर्चसाठी तयार केलेलं ते स्तोत्र एकाच माणसाने ऐकलं, आणि ते हातचं घालवणाराही तोच होता. त्याने मान वर केली नाही.

मित्रांनो, मला तुमची दया नको. कोणाची काळजी घ्यायची असेल तर आधी त्याला विचारा. आणि तुमची कोणी चुकीची काळजी घेत असेल तर त्याच दिवशी तोंड उघडा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.