गुण्याखालचा उजेड

आमचे हे तिसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा मला दया आली नाही, संताप आला.

कुरुळीत आमचं लोहारकाम. लोखंडी नांगर तयार मिळायला लागले आणि आमचा भाता थंडावला. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता, जो तो फिटर व्हायला निघाला होता. ह्यांनी देहूरोडच्या लष्करी कारखान्याचं मनावर घेतलं. परीक्षा एकच: लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून चौरस करायचा. साहेब त्यावर काटकोनी गुण्या ठेवतो. खालून उजेड दिसला की माणूस घरी.

पहिल्या दोन खेपांना हात बसला नव्हता, मान्य. यंदा मात्र घासून घासून बोटांची सालं निघाली होती. घरी केलेल्या ठोकळ्यांत उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती.

"मग झालं काय?" मी विचारलं.

हे उंबऱ्यावर बसले. टोपीही काढली नाही.

"जमला हुता गं. साहेब मागं यून हुबा ऱ्हायला आन् नुसता खाकरला. मला वाटलं, चुकलं कायतरी. आजून जराशी कानस मारली."

"आन्?"

"कोपरा गेला. साहेब म्हनला, ज्योतीराम, पुढच्या वर्षी या."

भट्टीवर चुकलं तर लोखंड तापवून, ठोकून पुन्हा वाढवता येतं. लोहाराच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या तीच सवय. कानशीनं गेलेलं मात्र गेलं. ह्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण कुणी नुसतं खाकरलं तरी ह्यांचा स्वतःवरचा भरवसा उडतो, त्याला मी काय करू? कपाळ फोडून घेऊ?

"घ्या कानस," मी म्हटलं.

"माज्यानं न्हाई व्हायचं, शालन."

"घ्या म्हन्ते ना!"

घेतली. दिवस कलेपर्यंत घासत बसले. शेवटी मी मुद्दाम मागं जाऊन उभी राहिले आणि खाकरले. हात थांबला. ह्यांनी गुण्या लावून ठोकळा दाराच्या उजेडात धरला, फिरवून पुन्हा धरला.

"झाला," हे म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडतोय तोच हात पुन्हा कानशीकडे गेला. मी तो घट्ट धरला.

"अवो, झालाय."

"व्हय गं, पन जराच..." हे हात सोडवायला लागले.

मला रडूच कोसळलं. देहूरोडला हा हात कोण धरणार होतं?